वीसला पाच

विद्यापीठाच्या अभ्यासिकेत समोर बसलेली मुलगी अर्थशास्त्राच्या जाडजूड ग्रंथात डोकं घालून खुदकन हसली. दुकान सांभाळून मी चाळिशीत एम.ए. करतोय; त्या ग्रंथात हसण्यासारखं काही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. डोकावलो, तर आत कादंबरी!

काय आनंद झाला! "परीक्षेपर्यंत अवांतर वाचन बंद," असं आमचे सर मला भर वर्गात म्हणाले होते. म्हणून तर अर्धी वाचलेली कादंबरी परत करायला मी आलो होतो. पण अवांतर? ज्या पुस्तकांनी मला दुकानातल्या स्टुलावरून उठवून इथवर आणलं, ती अवांतर? तो शब्द अजून डोक्यात जातो.

"कसं जमवतेस गं हे?" मी विचारलं.

"वीस पानं अभ्यासाची, मग पाच हिची, काका."

"फार महाग. दहाला पाच कर."

"नको हो," कादंबरीवर हात ठेवत ती म्हणाली, "लवकर संपेल मग."

माझी कादंबरी मी पिशवीतच ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा भाव न पाडता सौदा केला आणि अभ्यासाच्या विसातलं पहिलं पान अधीरपणे उघडलं.