हाताचा जोर

आमच्या म्हाताऱ्या बोक्याची, गुंड्याची, कंबर धरली होती. प्राण्यांच्या डॉक्टर बाईंनी पेनाएवढं स्प्रिंगचं उपकरण काढलं. मणक्याशी टेकवून दाबलं की ते ‘टक्’ करून छोटा धक्का देतं. पण आधी त्यांनी ते टेबलावरच्या जोर मोजायच्या यंत्रावर दाबून पाहिलं. टक्. पुन्हा टक्. आकडा जवळपास तोच आला. त्या तिसऱ्यांदा दाबणार, तेवढ्यात मी विचारलं, “मणका मोडणार नाही ना हो?”

टक्. आकडा एकदम वर गेला.

“बघा, स्प्रिंग तीच आहे,” बाई म्हणाल्या. “घाबरलात तुम्ही आणि जड झाला माझा हात. बोका शांत आहे हो, धरायला माणूस तुम्हालाच हवा!”

मला हसू आलं नाही. घरात असं यंत्र कुठे असतं? आजाऱ्याचं पांघरूण सारखं करताना, मुलीच्या कपाळाला हात लावताना आपली भीती किती जोराने त्यांच्यावर उतरते, ते कोण मोजतं? आपण त्या भीतीला काळजी म्हणतो आणि मोकळे होतो.

बाईंनी हात झटकून पुन्हा मोजलं. आकडा खाली आला. मग उपकरण गुंड्याच्या पाठीवर टेकलं. घरून क्रमाने ठरवून आणलेले बाकीचे प्रश्न मी गिळले आणि त्याच्या मानेवरची बोटं सैल सोडली.

टक्.

गुंड्या हलला नाही. दचकले ती मीच. पण बोटांना त्याचा पत्ता लागू दिला नाही.