खळ्यावर वाचलेली कथा

झोडलेल्या भाताचा वास आला की आमच्या कडाव गावचं खळं आठवतं. घरातली पहिली पदवीधर मी, आणि माझी पहिली कथा दिवाळी अंकात छापून आलेली. कथानक शेजारच्या काकूनं फक्त मला सांगितलेलं: नवऱ्याच्या मारापायी तिच्या बहिणीनं विहिरीत उडी घेतली होती. त्या दिवशी झोडणीला बहिणीचा तोच नवरा आलेला. काकूनं अंक पुढं केला. "शिकलीस ना गं? वाच मोठ्यानं." मी घाबरले. छापलेलं सोडून मनानंच विहिरीच्या काठाला शेवाळ आणलं आणि वाचता वाचता बाईचा पाय घसरवला. "पाय नाय घसरला तिचा," काकू म्हणाली, "सुनेनं सकाळीच वाचून दाखवलंय मला. लिवलंय तसं वाच." मी वाचलं. बहिणीचा नवरा हातात विळा घेऊन शेवटपर्यंत माझ्याकडंच बघत होता. आजही नवं कथानक सुचलं की आधी ते कुणासमोर मोठ्यानं वाचावं लागेल, याचा विचार करते.