नानांचं चाळीसचं इंजिन

मोठं ते चांगलं, हा आमच्या घरातला धर्म आहे आणि मला त्याची किळस येते. भूपेंद्र, म्हणजे माझा नवरा, इतवारा बाजारात पाण्याच्या मोटरी विकतो. केळीवाला शेतकरी तीन हॉर्सपॉवरची मोटर मागायला आला की त्याला पाचची देऊन पाठवतो. गावाकडे व्होल्टेज पडतं, लहान मोटर जळते, म्हणून एक नंबर वरची घ्यायची, ही इकडची रीतच आहे. मोटरीपुरतं ते खरंही असेल. पण हा माणूस फ्रिज, टीव्ही, वाढदिवसाचा केक, सगळंच एक नंबर वरचं आणतो आणि मग कौतुकाची वाट बघत उभा राहतो.

माझे सासरे चुडामणनाना अगदी उलटे. कागद कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यावर रिमोटवर उडणारी विमानं बनवायला लागले. त्या इंजिनांच्या तेलात एरंडेल असतं, त्यामुळे आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्याला एरंडेलाचा वास. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी नाकाला पदर लावूनच काढलं. पुढे विमानाचे तुकडे तोलायला माझा स्वयंपाकाचा वजनकाटा गच्चीवर गेला, तो कधी खाली आलाच नाही.

पाच फुटी पंखांचं हे शेवटचं विमान करायला त्यांना दोन वर्षं लागली, कारण मधेच काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसणं गेलं आहे, समोरचं तेवढं राहिलं आहे, तेही वर्षभर टिकेल असं सांगता येत नाही. नानांची एकच इच्छा होती. हे विमान एकदा आपल्या हातानं उडवायचं आणि आपल्याच हातानं धड खाली उतरवायचं. मग नाद बंद.

म्हणून त्यांनी हिशेबानं चाळीस नंबरचं इंजिन ठरवलं होतं. त्याहून मोठं साठचं, पण ते जवळजवळ दुप्पट जड. हलकं विमान सावकाश उडतं, नजरेसमोरून सावकाश जातं आणि सुटत नाही, असं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. मला एकटीला. मुलाला डोळ्यांचं दुखणं माहीत होतं, पण इंजिनाचा त्याच्याशी संबंध आहे हे त्यांनी त्याला सांगितलं नव्हतं. मुलासमोर अशी लाचारी बोलून दाखवणं त्यांना जड जायचं.

भूपेंद्र दुकानाच्या मालासाठी इंदौरला निघाला तेव्हा नानांनी त्याच्याकडे चाळीसचं इंजिन लिहिलेली चिठ्ठी दिली. तो परत आला तो साठचं इंजिन घेऊन. नानांनी ते नुसतं तळहातावर तोललं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"चाळीसचं पण होतं तिथे," भूपेंद्र म्हणाला. "पण मी म्हटलं, नानांच्या विमानाले कमी काहून पडावं? दम पाहिजे ना."

नाना वजनाचं बोलले. तो म्हणाला, जास्त वाटलं तर रेस कमी ठेवा. जड विमान हवेत राहायचं तर त्याला वेगानंच पळावं लागतं, हे नाना सांगत होते तोवर त्यानं फोन लावला होता. येत्या रविवारी फोपनार गावी, चुलतसासऱ्यांच्या केळीलगतच्या माळावर, दुकानाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना आमंत्रण. मंडप, बॅनर, नाश्ता. बापाचं विमान आणि जाहिरात याची.

संध्याकाळी नानांनी मला गच्चीवर बोलावलं. "पल्लवी, तू सांग त्याले. मी बोललो तं त्याले हट्ट वाटते. डोळ्यापायी लहान इंजिन पाहिजे, हे सांग."

मी हो म्हटलं. आणि सांगितलं नाही. त्या आठवड्यात भूपेंद्र खुशीत होता. घरात चार दिवस भांडण नव्हतं. मी काही बोलले असते तर त्याचा तो फुगलेला चेहरा मलाच बघावा लागला असता. यापेक्षा मोठं कारण काही नाही. तिसऱ्या दिवशी नानांनी विचारलं तर मी म्हटलं, "सांगितलं नाना. ऐकत नाहीत." इतकं सहज तोंडातून निघालं की माझं मलाच कळलं नाही.

नाना बरं म्हणाले आणि कामाला लागले. नाकातली प्लायवूडची पाटी काढली, नवी भोकं पाडली, इंजिन होईल तेवढं मागे सरकवलं. बॅटरी शेपटीकडे नेली. तरी पंखाखाली दोन बोटं देऊन उचललं की नाक खालीच जायचं. मग शेपटीला शिशाचे तुकडे बांधले. दोन वर्षं ग्रॅम ग्रॅम वाचवलेल्या माणसानं स्वतः शिसं बांधलं. नासलेल्या दुधात हात घालावा लागल्यासारखी शिसारी त्यांच्या तोंडावर होती. मी चहा ठेवून खाली आले.

रविवारी विमानाला हार घातला, नारळ फोडला. इंजिन सुरू झालं आणि माळ दणाणला. लोक खूश झाले, मोबाईल वर गेले. भूपेंद्र ज्याला त्याला सांगत होता, साठचं आहे. मी नानांशेजारी उभी होते. विमान सुसाट वर चढलं आणि डावीकडे वळलं. नानांची मान समोरच होती.

"पल्लवी, कुठं आहे?"

"डावीकडे, नाना."

ते वळेपर्यंत विमान डोक्यावरून मागे गेलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, पुन्हा उशीर झाला. तिसऱ्यांदा विचारलं नाही. खाली माणसं होती, म्हणून त्यांनी इंजिन बंद करून टाकलं. विमान लांब केळीत घुसलं. लाकूड मोडल्याचा आवाज आला. लोकांना वाटलं उतरलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

भूपेंद्र धावत जाऊन तुटकं नाक घेऊन आला. इंजिनाला काही झालं नव्हतं, याचाच त्याला आनंद.

"मले ते दिसलंच नाही रे," नाना म्हणाले. "लहान इंजिन असतं तं सावकाश उडतं. दिसलं असतं."

मला वाटलं, आता भूपेंद्र काहीतरी फुशारकीचं बोलेल.

"मग आधी बोलायचं ना, नाना. मले कोणी सांगितलं हे? गुरुवारी मी परत इंदौरलाच गेलो होतो. बदलून आणलं असतं."

एरवी मी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. पण तो खरं बोलत होता. त्याचे डोळे भरले होते.

नानांनी मान हळूहळू वळवली, मी त्यांच्या नजरेत येईपर्यंत, आणि तिथंच थांबवली. समोरचं त्यांना अजून स्वच्छ दिसतं.