निवड समितीच्या सासूला आलेली साडी

माझी सून शहापूरच्या घरी बसून नोकरी करते. तिची कंपनी ब्लॉकचेनची. मी चौथी शिकले, तरी इतकं समजलं, की तिथले व्यवहार एका बँकेच्या हाती नसतात. ठिकठिकाणचे लोक आपापला कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवून ते खरे की खोटे तपासतात. अशा माणसाला व्हॅलिडेटर म्हणतात. नव्या, लहान व्हॅलिडेटरांना उभं राहायला कंपनी मदत करते. ती कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत सून होती, आणि अर्ज करणाऱ्यांत माझा आंधळगावचा भाचा.

तो एका दुपारी कोशाच्या रेशमाची साडी घेऊन आला.

"आत्या, तुह्यासाठी आणली."

"काहून गा? माहं लगन हाये का?"

"असंच, प्रेमानं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "वयनीले सांगशील ना, माह्या अर्जाकडे पाहाले?"

"मंग वयनीलेच दे ना साडी."

"असं कसं? ते तं लाच होईन."

साडी चांगली होती, ठेवून घेतली. सासूला साडी दिली की सुनेचं मत मिळतं, असं माझ्या माहेरी अजून समजतात. सून माझ्या सांगण्यावरून भाजीत मीठसुद्धा वाढवत नाही. हे मी त्याला बोलले नाही. बोलले असते तर साडी परत गेली असती.

सुनेला विचारलं, "तो आपला नात्यातला हाये, हे समितीले सांगितलं का?"

"नवऱ्याच्या मामाचा मुलगा, आई. इतकं लांबचं कोण सांगत बसतं?"

समितीची सभा कॉम्प्युटरवर असते आणि ज्याला पाहायची त्याला पाहता येते. भाचाही पाहणार होता. त्या दिवशी मी ती साडी नेसले आणि सुनेच्या बाजूला खुर्ची ओढून बसले. भाच्याचं नाव निघालं तशी म्हणाले, "हा माझा सख्खा भाचा. ही साडी त्यानंच देली."

सुनेने माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरी असती तर उठून गेली असती. समितीत पुण्याची एक बाई होती. तिला मराठी येत होती, त्यामुळे सुनेला सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगावं लागलं. एक म्हातारा गोरा हसता हसता खोकला.

मग त्यांनी ठरवलं, की नात्यातला अर्ज आला तर त्या माणसाने बाजूला व्हायचं, आणि घेतलं किंवा नाही घेतलं, प्रत्येकाचं कारण सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. सून बाजूला झाली. तिने मला साडी परत पाठवायला लावली. मी फॉल लावून घेतला होता, तो तसाच गेला. आता भावजय ती नेसते.

भाच्याचा अर्ज नाकारला. वयनीने पाडलं, असं आंधळगावभर सांगत तो तणतणत आमच्याकडे आला. मी ताट वाढलं आणि म्हटलं, "कारण लिहिलं हाये ना, वाच. मोठ्यानं."

त्याने मोबाईल काढून वाचलं, "कॉम्प्युटर वारंवार बंद."

"काहून बंद?"

"धानाले पाणी द्याले मोटर लावली का घरातली लाईन जाते."

"मंग वयनीनं पाडलं का तुह्या मोटरनं?"

तो भात कालवत बसला. मग म्हणाला, "आता हे साऱ्या जगाले दिसून राहिलं, आत्या. पुसाले सांग ना तिले."

"बाकीच्याईचंबी दिसते. तेबी वाच."

हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने मोबाईल ताटाजवळ टेकवला. शहरातल्या एका माणसाने दुसऱ्याचा अर्ज उतरवून पाठवला होता, आपलं नाव टाकायलाही विसरला होता. एकाचा कॉम्प्युटर तर कधी चालूच झाला नव्हता. ते वाचून झाल्यावर भाच्याने भात पुन्हा मागितला.