हरलेल्या पट्ट्यांचा खण

टोचेकाकांचं खरं आडनाव गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं. हातात टोच्या धरून धातूवर नावं कोरायची हा धंदा, आणि जीभही त्याच जातीची, त्यामुळे हे नाव चिकटलं ते कायमचं. पदकं, ढाली, दारावरच्या पाट्या, सगळ्यांवर त्यांचा हात फिरलेला. पण मानाचं काम एकच होतं. फुटबॉलचा अंतिम सामना संपला की करंडकाच्या लाकडी बैठकीवर विजेत्यांच्या नावाची पितळी पट्टी बसवायची. एकतीस वर्षं ते काम काकांकडे होतं आणि त्यांच्यामुळे करंडक मैदानात जायला एकदाही उशीर झाला नव्हता.

रीत ठरलेली होती. आदल्या दिवशी दोन्ही संघांच्या पट्ट्या घरीच कोरायच्या. शिट्टी वाजली की जिंकलेल्यांची दोन स्क्रूंनी बसवायची, हरलेल्यांची भंगारात टाकायची. फक्त गिरणी संघाची पट्टी भंगारात जात नसे. गिरणी हा काकांचा संघ, त्यांच्या वडिलांचाही. या एकतीस वर्षांत तो नऊदा अंतिम सामन्यात पोचला आणि नऊही वेळा तोंडावर आपटला. काकू सामना बघत नसत, निकालही ऐकत नसत. काका घरी आले की हात पुढे करायच्या, पट्टी घ्यायच्या आणि न बोलता कामाच्या टेबलाच्या खणात टाकायच्या.

अशा घराला जावई मिळाला तो सम्राट संघात खेळाडूंचे पाय चोळणारा. सम्राट लीगमध्ये येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मालक गाद्यांचा कारखानदार. आल्या आल्या त्यानं पेपरात सांगून टाकलं होतं, दुसऱ्या वर्षी करंडक नेणार. काकांनी ते वाचलं त्या दिवसापासून गादीवर झोपणं सोडून सतरंजी घेतली, यावरून माणूस ओळखावा.

दर रविवारी जेवताना ठिणगी पडायचीच. एका रविवारी जावई म्हणाला, "बाबा, नव्या संघानं जिंकायला किती वर्षं थांबायचं, ते एकदाचं सांगून टाका."

"पहिली पाच वर्षं मुकाट मार खायचा. पुढची पाच मधेच लोंबकळायचं. मग एक फायनल हरायची, तीही शेवटच्या मिनिटाला. त्यानंतर बघू."

"हे ठरवलं कुणी?"

"आम्ही. हरून हरून."

"तुम्ही हरलात म्हणून आम्ही पण हरायचं? तुमचा गोलकीपर काय आम्ही चोरून नेला?"

हे मात्र वर्मी लागलं. नव्या संघाला प्रत्येक जुन्या संघातून एक खेळाडू उचलायची मुभा होती, आणि जुन्यांनी आपले कोण राखायचे ते आधी कळवायचं होतं. गिरणीनं गुडघे गेलेला कप्तान राखला आणि तरणाबांड गोलकीपर उघड्यावर ठेवला. सम्राटनं तो अलगद नेला. चूक आपलीच, हे काकांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच जावयाचं तोंड बघवेना. ते ताट सारून उठले.

"जावईबापू, तुम्ही पायच चोळा," जाता जाता म्हणाले. "डोकं तुमच्या धंद्यात लागत नाही."

आणि त्याच वर्षी अंतिम सामना आला तो गिरणी आणि सम्राट यांच्यातच.

लीगच्या कचेरीतून नेहमीसारख्या दोन कोऱ्या पट्ट्या आल्या. गिरणीची काकांनी सबंध सकाळ खर्चून कोरली. दुसरी हातात घेतली आणि खाली वाकून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल एकदम स्थिर झालं.

"अहो, आणि त्यांची?" काकूंनी विचारलं.

"त्यांना लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी काका मैदानावरच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत करंडकासमोर एकच पट्टी घेऊन बसले. सामना बरोबरीत सुटला. मग पेनल्टी. शेवटची पेनल्टी गिरणीच्या त्या कप्तानानं मारली, आणि ती त्या गोलकीपरनं अडवली. वरच्या पायऱ्या नाचणाऱ्या पायांनी दणाणल्या आणि छताचा चुना करंडकावर पडला. काकांनी तो फडक्यानं पुसला.

लीगचा कारकून दारात आला. "काका, दहा मिनिटं. मालक घाईत आहेत."

"मालकांना म्हणावं, दोन वर्षं थांबलात, अजून दहा मिनिटं थांबा."

कारकून गेला. दुसरी पट्टी घरी, घर पाऊण तास लांब. करंडक पट्टीविना बाहेर गेला तर एकतीस वर्षांच्या इभ्रतीची माती. त्यांनी गिरणीची पट्टी उचलली, पालथी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर टोच्या टेकवला.

उथळ कोरायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दहा वर्षं पॉलिश झालं की पुसून जाईल मेल्यांचं नाव. पण हाताला उथळ कोरणं ठाऊकच नव्हतं. घाव खोल गेला. पितळ पातळ, त्यामुळे सम्राटचं एकेक अक्षर खालच्या गिरणीवर उठत होतं. काका दात आवळून ठोकत राहिले. त्यांना रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. नववं मिनिट संपताना त्यांनी पट्टी बैठकीवर ठेवली, गिरणीचं तोंड लाकडाकडे, आणि दोन्ही स्क्रू आवळले. गाद्यांच्या कारखानदारानं करंडक डोक्यावर धरला तेव्हा काका पिशवी भरत होते.

घरी काकूंनी नेहमीसारखा हात पुढे केला.

"नाही आणली," काका म्हणाले.

काकूंचा हात तसाच राहिला. नऊदा पट्टी घरी आली होती. न येण्याचा अर्थ त्या घरात एकच होता.

"म्हणजे करंडकावर लागली?"

"लागली."

काकू टेबलापाशी खाली बसल्या. पदरानं डोळे पुसले, मग टेबलाच्या पायाखालची कोरी पट्टी ओढून काढली. "मग हरलेल्यांची ही टाकते खणात," त्या म्हणाल्या. इतकं हसलेलं त्यांना काकांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. खण लावताना टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं.

काका काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात जिन्यावर जावयाची पावलं वाजली. तो शीळ घालत वर येत होता.