चुलीच्या खोलीची खिडकी

नगरपालिकेचे ओव्हरसिअर साहेब स्वयंपाकघरात शिरले आणि खोकायला लागले.

"मिस्त्री, बाहेरची काचेची खोली पाडा. आठ दिवस देतो."

साठ-एकसष्ट साल असेल. गाव शहादा. मोतीभाई गुजरांच्या वडिलांचे गुडघे धरले होते. त्यांना वारा न लागता उन्हात बसता यावं म्हणून मी घरामागे, स्वयंपाकघराला लागून खोली जोडली. तीन बाजूंनी काच, वर पत्रा. काच सुरतहून आणलेली. शेजाऱ्याकडची जागा टेप लावून सोडली होती.

"साहेब, माप बरोबर आहे."

"बाहेरचं बरोबर. आतलं काय? माणूस वावरतो त्या खोलीची एक तरी खिडकी थेट उघड्यावर पाहिजे, असा नियम आहे. तुम्ही ती काचेत कोंडली."

"उजेड येतो ना."

"धूर जातो का?"

चुलीपुढे मोतीभाईंची बायको डोळे पुसत होती.

मोतीभाई म्हणाले, "पाडताना एक काच फुटली तर या गावात तुला वीट लावू देणार नाही." ते बोलले की करायचे.

माझी बायको मंजुळा दाराशी गारा कालवत होती. तिथूनच आमच्या अहिराणीत बोलली, "साहेब, पत्रा खाले शे. वरनी भिंत मोकळी शे. तठे खिडकी करा ना."

"तू गारा बघ," मी खेकसलो.

"गारा हातमा शे. डोळा तं मोकळा शेतस ना!"

साहेबांनी शिडी मागवली, स्वतः चढले. पत्रा टेकतो त्याच्या वर जुनी भिंत तीन फूट उघडी. धूर वरच चढतो. नियमही तिथेच बसत होता.

खाली उतरून त्यांनी विचारलं, "यांना मजुरी काय देता?"

"घरच्या आहेत."

"म्हणजे काही नाही."

मी भिंत फोडली, सागाची चौकट बसवली. साहेबांनी पुन्हा येऊन चूल पेटवायला लावली. धूर निघून जाईपर्यंत उभे राहिले, मगच सही केली. काच एकही फुटली नाही. म्हातारबाबा तो हिवाळा उन्हात बसले.

मंजुळा जाऊन सहा महिने झाले. त्या खिडकीमुळे मला कामं मिळत गेली, आणि अक्कल कोणाची हे मी कोणाला सांगितलं नाही. हलकटपणा केला. तिच्याइतकी नजर मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही, साहेबांतही नाही.

घराला खोली जोडायची असेल तर टेप नंतर काढा. आधी आतली चूल पेटवा, आणि तिच्यापुढे जी बसते तिला विचारा.