मामांची ओंजळ

“तुमचे बंधू आले हो! ओटीवरची सतरंजी आधी उचला, भिजेल,” शेजारच्या काकू कुजबुजल्या आणि आई सतरंजीकडे धावली. मी खिडकीआडून पाहत होते. ठाण्यापासून कल्याणपर्यंत इतक्या घरांना हादरवून सोडणारा माणूस माझ्या मामांखेरीज दुसरा झाला नसेल, आणि तेही नुसतं पाणी मागून.

मामा कल्याणच्या शाळेत मास्तर. पगडी, उपरणं, कपाळाला गंध, सारं ब्राह्मणाला शोभेल असं. पण कुणी पाण्याचं फुलपात्र पुढे केलं की ते पायरीखाली उतरत, वाकत आणि ओंजळ धरत. “वरून ओता. महाराला असंच देता ना? मग मलाही तसंच. त्याला भांडं मिळेल तेव्हा मी भांड्याने पिईन.” बरं, ही कला त्यांना कधी साधली नाही. पाणी कोपरावरून अंगरख्याच्या बाहीत शिरे, बाहीतून उपरण्यात, आणि पोटात जाई जेमतेम घोटभर. ऐन थंडीत ओल्या बाह्यांनी ते गावभर शिंकत हिंडत. मोठ्या ताईच्या सासरी त्यांनी ओंजळ पुढे केली, तेव्हा विहीणबाईंच्या हातून तांब्याच सुटला. मित्रांनाही ते आग्रहाने खाली बोलावत, “एकदा वाकून तर बघा, पाठच सांगेल सगळं.” एक वकीलसाहेब खरोखर उतरले होते, आतून बायकोची हाक आली आणि ते तहानलेलेच वर गेले.

एकदा कल्याण स्टेशनच्या पाणपोईवर मी त्यांच्याबरोबर होते. तिथे महारांना बांबूच्या पन्हळीतून लांबून पाणी देत. मामा थेट पन्हळीच्या तोंडाशी जाऊन वाकले. पाणी देणारे भटजी पांढरेफटक पडले. “मास्तर, ब्राह्मणाला इथून पाणी घालू? पाप कुणाच्या माथी?” मामा हटेनात, भटजी ओतेनात. मागे रुळांवर काम करणारा धर्मा महार घामाने निथळत उभा होता. अखेर तो म्हणाला, “मास्तर, तुमचं भांडन चालू द्या. पन मला तहान लागलीय, जरा बाजूला व्हता का?”

मामा बाजूला झाले. मला घरी सोडायला ठाण्याच्या गाडीत बसले, ते कोरड्या ओंजळीकडे पाहत.

पुढच्याच महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या मुंजीला ते आले, ते धर्माला घेऊन. पंगत बसली होती. मामा अंगणातून म्हणाले, “हे माझे पाहुणे. यांना फुलपात्रातून पाणी द्या, एवढंच मागतो.” वाढपी जागच्या जागी थिजले. कुणीतरी पानावरून उठलं. माझे वडील कचेरीत साहेबाच्या हाताखाली, मला इंग्रजी शाळेत घालणारे. त्यांचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “त्याला घेऊन चालते व्हा. आणि या घराचा उंबरा पुन्हा चढायचा नाही!”

आईने पदर तोंडात कोंबला. मामा तिचे एकुलते एक भाऊ.

“म्या जातो, मास्तर,” धर्मा म्हणाला. “शुभकार्य हाय. कशाला?”

“थांब, दोघं जाऊ,” मामा म्हणाले आणि घाईघाईत वडिलांचे जोडे घालून निघाले. हसायला कुणाला सुचलं नाही.

मामा आमच्याकडे आले ते शेवटचेच. आई आता देवदर्शनाचं निमित्त करून कल्याणला जाते आणि भावाला डोळे भरून पाहून येते. मामा थकलेत, ठाण्याचा विषय निघाला की दुसरंच काही बोलू लागतात. काकू मात्र अजून विचारतात, “तू एवढी लाजरी मुलगी, शाळेतल्या मडमेसमोरही पुटपुटणारी, त्या दिवशी तुझ्या अंगात आलं तरी काय?”

मला ठाऊक नाही. पंगतीतलं एक भरलेलं फुलपात्र मी उचललं, साऱ्यांच्या देखत पायऱ्या उतरले, फाटकाशी त्या दोघांना गाठलं आणि मोठ्याने म्हणाले, “धर्माभाऊ, तोंड लावून प्या. उरलेलं मामांना द्या.”